दोन बोटं डावीकडे

बहिरमच्या यात्रेत आमचा फुग्यांचा फळा.
दहा रुपयांत सहा छर्रे.
पाळण्याच्या पलीकडे, रोडग्यांच्या धुरात,
बाबांच्या तीन बंदुका टेबलाला साखळीने बांधलेल्या,
बँकेतल्या पेनासारख्या.

तिन्हींच्या नळ्या वाकड्या.
डोळ्याला कळणार नाही, छर्ऱ्याला कळेल, एवढ्याच.
बाबांनीच ठोकल्या होत्या ऐरणीवर,
वर फडकं गुंडाळून, हळू हळू.
छर्रा उजवीकडे ताडपत्रीत जायचा,
गिऱ्हाईक स्वतःच्याच हाताला हसायचं,
अन् चुकलेल्या प्रत्येक छर्ऱ्यात
माझ्या वहीचं एक पान होतं.

मी शिकले ती त्यांच्यावरच.
बाबा जेवायला बसले की
पिवळा फोडायचा तर शेजारच्या हिरव्यावर धरायचं,
दोन बोटं डावीकडे,
श्वास अर्धा.
कुणी सांगितलं नव्हतं.
लंगड्या बैलाच्या गाडीवर बसणारा
आपोआप एका अंगाला कलतो, तसं.

इंगोले मॅडमनी पाहिलं: सहात सहा.
म्हणाल्या, जिल्ह्याला उतरवू हिला,
पण बंदूक घरची लागेल, सरावाला.

यात्रा उठल्यावर अमरावतीला गेलो.
पैसे डब्याच्या खालच्या पुडात,
वर पोळी अन् लोणचं.
मुर्तझाभाईंच्या दुकानात पुढे कुलपं, बेअरिंगा,
मागच्या भिंतीवर बंदुका.
"छर्रे? तीन डबे?"
"नाही. आज बंदूक. पोरीले. खरी."
'खरी' म्हणताना बाबांचा आवाज खाली गेला.

पहिलीचा दस्ता बगलेबाहेर.
दुसरी मोडून भरायला माझ्या दंडात जोर पुरेना,
दोनदा गुडघ्याला लावली, मुर्तझाभाईंनी काढून घेतली.
शिंपी बाही मोजतो तसं
कोपरापासून बोटापर्यंत माझा हात मोजला
अन् वरच्या फळीवरून एक वापरलेली उतरवली.
हलकी. दस्त्यावर कुणीतरी खिळ्याने 'रा' कोरलेला.
साबुदाण्याएवढा छर्रा.
दुर्बीण दाखवली, बाबा म्हणाले, आधी डोळा.

मागच्या अंगणात पुठ्ठा टांगला.
पाच मारले.
पाचही जवळजवळ एकाच भोकात,
काळ्या टिकलीच्या दोन बोटं डावीकडे.

मुर्तझाभाई ओशाळले. "खोट दिसते हिच्यात. दुसरी देतो."
बाबांनी बंदूक घेतली, मोडली,
नळी आभाळाकडे धरून आतून पाहिलं.
खूप वेळ पाहिलं.
"सरळ हाये," म्हणाले.
मग माझ्याकडे न पाहता:
"माय, हे जिथं पाह्यते तिथंच मारते.
जे पाह्यजे, त्याच्यावरच धर."

काळ्यावर काळं धरलं.
भीती वाटली,
जिना संपल्यावर अजून एक पायरी आहे
असं समजून पाय टाकावा तशी.
सहावा कुठे लागला, आठवत नाही.
बाबा डबा उघडून नोटा मोजत होते,
दुकानात लोणच्याचा वास सुटला होता.

परतीच्या बसमध्ये नियम सांगितले.
रिकामी असली तरी भरलेली समजायची.
होल्यावर नाही, कुत्र्यावर नाही,
कुणाच्या पाण्याच्या टाकीवर नाही.
संत्र्याच्या बागा सुरू झाल्यावर अजून एक:
"त्या तिघींसंग एका पेटीत ठेवू नोको."
काहून, विचारलं.
"सवय लागते."

पुढच्या बहिरमला एक पोट्टा आला,
मुठीत दहाचं नाणं घामेजलेलं.
पाच चुकले. ओठ थरथरायला लागला.
बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
अन् चहाचा कप ठेवायला वाकल्यासारखं करून
त्याचा खांदा
हळूच ढकलला,
दोन बोटं डावीकडे.